एक्केचाळीस नंबरची मान

मी एक जुना प्रोब आहे, मित्रांनो, आणि मी राग विसरत नाही. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे नंतर तुमची तक्रार नको. जुन्या वस्तू आपली कहाणी सांगताना शेवटी सगळ्यांना माफ करून टाकतात, असं तुम्ही वाचलं असेल. माझ्याकडून तसली अपेक्षा ठेवू नका.

प्रोब म्हणजे काय, ते आधी सांगतो. दवाखान्यात सोनोग्राफी करताना जेली लावून जी वस्तू अंगावर फिरवतात, ती मी. लोकांना वाटतं, पडद्याचं ते मोठं यंत्रच सगळं काम करतं. ते नुसतं दिसायला भारदस्त. ऐकण्याचं काम माझं. माझ्या करड्या, मऊ तोंडाआड एकशे अठ्ठावीस बारीक कण एका ओळीत बसवलेले आहेत. ते तुम्हाला ऐकू न येणारा आवाज शरीरात सोडतात आणि त्याचा प्रतिध्वनी परत आला की आत काय आहे ते ओळखतात. हाडाचा प्रतिध्वनी वेगळा, मांसाचा वेगळा, वाहत्या रक्ताचा तर फारच वेगळा.

माझा जन्म एका अतिशय स्वच्छ खोलीत झाला. तिथे सगळ्यांच्या डोक्यावर टोप्या होत्या आणि कुणी शिंकलं तर अर्धा दिवस काम बंद पडायचं. भिंगातून बघत एका बाईने चिमट्याने माझ्या तारा जोडल्या. केसाहून बारीक तारा त्या. तिने एकही चुकवली नाही. काम संपल्यावर ती शेजारणीला म्हणाली, "हा छोटा आहे, मुलांच्या दवाखान्यात जाणार. ह्याला जरा जपून बांध." माझ्याबरोबर एक रुंद तोंडाचा भाऊही त्याच खोक्यात आला. त्याच्या वाट्याला पोटं आली आणि माझ्या वाट्याला मुलांच्या माना. तो सुखी आहे. त्याला कुणी कधी खोटं पाडलं नाही.

आमची खोली दवाखान्याच्या तिसऱ्या मजल्यावर, ऑपरेशनच्या खोलीला लागून होती. लांबट खोली, फिकट हिरव्या भिंती, कोपऱ्यात हात धुण्याचं बेसिन आणि कोपराने ढकलून उघडायचा नळ. त्या खोलीत मला माझी पहिली आणि खरी मालकीण भेटली. तिला सगळे ताई म्हणत. ती डॉक्टर नव्हती, सोनोग्राफीची तंत्रज्ञ होती. पण मुलांच्या मानेवर मला धरावं तर तिनेच.

ताई सकाळी आल्या आल्या एका वाडग्यात गरम पाणी घेऊन त्यात जेलीची बाटली उभी करून ठेवायची, म्हणजे मुलांना थंड लागू नये. मग आपली करंगळी मुलाच्या गळ्याखालच्या हाडावर टेकवायची. हाताचा सगळा भार त्या करंगळीवर. मी मानेला फक्त शिवायचो, जेलीवर तरंगल्यासारखा. मुलं रडायची थांबायची. "अगंबाई, गुदगुल्या होतात का? मग हस की," असं ती म्हणायची आणि तेवढ्यात फोटो काढून मोकळी व्हायची.

हलक्या हाताचं एवढं कौतुक का, ते समजून घ्या, कारण पुढचं सगळं रामायण त्यावरूनच झालं. मानेच्या प्रत्येक बाजूला दोन मुख्य नळ्या असतात. एक धमनी. डॉक्टर तिला आर्टरी म्हणतात. ती गोल, जाड भिंतीची, सारखी ठोके देणारी. दाबली तरी ती आपला गोलपणा सहसा सोडत नाही. दुसरी शीर, म्हणजे डॉक्टरांची व्हेन. ती आकाराने मोठी, पण स्वभावाने भित्री. जरा भार पडला की चपटी होते आणि पडद्यावरून गायबच. मोठ्या ऑपरेशनच्या वेळी मुलांना औषधं आणि रक्त द्यायला ह्या शिरेत एक बारीक नळी घालावी लागते. सुई शिरेत गेली तर सगळं ठीक. चुकून धमनीत गेली तर रक्त उसळतं, मान सुजते, आणि लहान मुलाच्या एवढ्याशा मानेत ती सूज थेट श्वासनळीवर दाबते. जीवावर बेतू शकतं. आणि ह्या दोघींमधलं अंतर किती? काही मुलांत तांदळाच्या दाण्याएवढंसुद्धा नसतं.

आता माझ्या वैऱ्यांची ओळख करून देतो. किरकोळ वैरी पुष्कळ होते. ज्या मावशी मला जहाल स्पिरिटने पुसायच्या, त्या एक. स्पिरिटने माझं तोंड कोरडं पडून चिरतं, हे त्यांना तीनदा सांगून झालं होतं. ज्याने ढकलगाडीचं चाक माझ्या वायरवर चढवलं, तो वॉर्डबॉय दुसरा. तेव्हापासून माझ्या वायरीत एक कमजोर जागा आहे. वाकडी झाली की पडदा लुकलुकतो. पण हे सगळे चिल्लर. माझा खरा वैरी एकच. साहेब.

साहेब म्हणजे ऑपरेशनच्या वेळी मुलांना भूल देणारे मोठे डॉक्टर, त्या विभागाचे प्रमुख. मी त्यांना अहो-जाहो करतो, कारण माझं बालपण चांगल्या खोलीत गेलं. मनातल्या मनात काय म्हणतो, ते मुलांसमोर बोलण्यासारखं नाही. साहेब वाईट डॉक्टर होते असं नाही. त्यांची बोटं हुशार होती. एकवीस वर्षं ते बोटांनी धमनीचा ठोका चाचपून, शेजारी अंदाजाने सुई घालत आले होते. आणि सुई घालण्याआधी मुलाचं डोकं विरुद्ध बाजूला पुरतं वळवायचं, अगदी कान गादीला टेकेपर्यंत, ही त्यांची शिकवण. त्यांच्या हाताखाली शिकलेले सगळे डॉक्टर तसंच करत. "मान वळवली की व्हेन बाजूला येते आणि वाट मोकळी होते," असं ते प्रत्येक नव्या तुकडीला सांगत. पडद्यावर बघून सुई घालणाऱ्यांना ते हसायचे.

एके दिवशी त्यांनी ठरवलं की हे शास्त्राने सिद्ध करून टाकायचं. साठ मुलांचा अभ्यास करायचा. ज्या मुलांची कसलीतरी ऑपरेशनं ठरली आहेत, त्यांच्या आईवडिलांची परवानगी घ्यायची, आणि मूल भुलीखाली झोपलं की मानेचे तीन फोटो काढायचे. डोकं सरळ, अर्धं वळवलेलं आणि पूर्ण वळवलेलं. शीर किती खोल, किती रुंद आणि धमनीच्या कुठल्या बाजूला, हे लिहून ठेवायचं. फोटो काढायचे ताईने. आणि शीर धमनीवर अर्ध्यापेक्षा कमी सरकली असेल, तर ती 'बाजूला' आहे असंच लिहायचं, असा नियम साहेबांनी घालून दिला. ताईने त्या नियमाकडे एकदा पाहिलं आणि साहेबांकडे एकदा. मग तिने वहीत रकाने आखले.

मला मात्र त्या दिवसांत फार मोठं झाल्यासारखं वाटायचं. आजवर मी एकेका मुलाच्या उपयोगी पडलो होतो. आता माझ्यामुळे सगळ्या मुलांच्या माना कळणार होत्या! आणि जे दिसत होतं ते साहेबांच्या शिकवणीच्या उलट होतं. डोकं सरळ असताना शीर गुमान धमनीच्या शेजारी असायची. डोकं वळवत गेलं की ती हळूहळू धमनीच्या अंगावर सरकायची. कुणात थोडी, कुणात जवळजवळ अर्धी. ताई प्रत्येक मुलापुढे खरा आकडा लिहायची आणि साहेब शेजारच्या रकान्यात 'बाजूला' असा शेरा मारायचे. चाळीस मुलं अशी झाली.

एक्केचाळिसावी मुलगी सहा वर्षांची होती. अंगाने बारीक, मानेने लांब, म्हणून वॉर्डातल्या सिस्टर तिला शेंग म्हणायच्या. तिला जन्मापासून आतड्याचा काही त्रास होता. तिची आई शाळेची गाडी चालवायची आणि गाडीतल्या मुलांना दरडावून दरडावून तिचा आवाज मोठा झाला होता. तिने सबंध खोलीला ऐकू जाईल असं विचारलं, "ह्याचा शॉक तर बसत नाही ना हो?" ताईने मला आधी शेंगेच्या मनगटावर ठेवलं आणि पडद्यावर रक्त वाहताना दाखवलं. शेंग म्हणाली, "माझ्या हातात नदी आहे?" मग तिने मला हातात घेऊन माझ्या तोंडावर बोट फिरवलं. अगदी हळू. मुलाच्या हातात मला कुणी पहिल्यांदाच दिलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती भुलीखाली झोपली. डोकं सरळ, फोटो. अर्धं वळवलं, फोटो. पूर्ण वळवलं आणि ताईचा हात थबकला. शीर धमनीवर पूर्ण चढून बसली होती. अर्धी नाही, पाऊण नाही, सगळी. वरून सुई घातली तर शिरेतून आरपार थेट धमनीत गेली असती. हिला 'बाजूला' म्हणायची कुणाची टाप नव्हती.

"साहेब, जरा हे बघता का?" ताईने हाक मारली.

साहेबांनी पडदा पाहिला आणि मला तिच्या हातातून घेतलं. त्यांचा हात म्हणजे इस्त्रीवाल्याचा हात. त्यांनी मला मानेवर असं दाबलं की शीर क्षणात चपटी होऊन नाहीशी झाली.

"कुठे आहे व्हेन? मला तर नुसती आर्टरी दिसतेय."

"साहेब, दाब जास्त होतोय. हात जरा वर घेतलात तर…"

"मला हात धरायला शिकवू नका. हा प्रोब बिघडलाय. काहीही दाखवतोय."

असं म्हणून त्यांनी मला गाडीच्या कडेवर टाकलं. ठेवलं नाही, टाकलं. मी घरंगळलो आणि तोंडावर फरशीवर आपटलो. माझे चार कण तिथल्या तिथे मेले. ज्या बाईने त्यांना चिमट्याने एकेक करून बसवलं होतं, तिची मला त्या वेळी आठवण झाली आणि रडू आलं.

साहेबांनी मला उचललं, नुसतंच बाहीला पुसलं आणि शेजारच्या टेबलावर भूल दिलेल्या पुढच्या मुलाच्या मानेवर लावलं. पडद्यावर चित्र आलं, पण मधोमध वरपासून खालपर्यंत एक काळी पट्टी होती. मेलेल्या कणांची जागा.

"बघा! म्हटलं नव्हतं, बिघडलाय म्हणून?" साहेब म्हणाले. मग सगळ्यांकडे वळून त्यांनी ताईला विचारलं, "कधी पाडलात हा?"

मित्रांनो, खोलीत तेव्हा साहेब सोडून चार माणसं होती. दोघांची पाठ होती, एक यंत्राच्या मागे होता आणि चौथी ताई. ती म्हणाली, "मी नाही पाडला." पुढे बोलली नाही. विभागप्रमुखाच्या तोंडावर कसं म्हणणार, की तुम्ही पाडलात? त्या दिवसापासून तिला अभ्यासातून काढलं आणि तळमजल्यावर रिपोर्ट देण्याच्या खिडकीत बसवलं. तिच्या नावापुढे 'यंत्राची हेळसांड' असा शेरा बसला. शेंगेच्या फोटोपुढे साहेबांनी लिहिलं, 'यंत्रदोष, वगळावा'. आणि गंमत बघा, बिघडलेला म्हणून माझा एक्केचाळीस नंबर वगळला, आणि त्याच बिघडलेल्या माझ्याकडून उरलेली एकोणीस मुलं साहेबांनी स्वतः दाबून दाबून मोजून घेतली. "पट्टी सोडून बाकीचं बघायचं," असं म्हणत.

अभ्यास संपला आणि मी ड्रॉवरमध्ये गेलो. तिथे सुकलेली पेनं होती आणि एक निकामी स्टेथोस्कोप होता. तो कुणाच्या छातीत काय ऐकलं ते दिवसभर सांगत बसायचा. ड्रॉवर नीट बंद होत नसे. त्या दोन बोटांच्या फटीतून मला समोरची भिंत दिसायची आणि भिंतीवर साहेबांनी लावलेला कागद. 'डोके विरुद्ध बाजूस पूर्ण वळवावे. बोटाने धमनी चाचपून बाहेरच्या बाजूस सुई घालावी. सोनोग्राफीची गरज नाही.' खाली लिहिलं होतं, साठ मुलांच्या अभ्यासावरून. एकोणसाठ म्हणायचीही लाज वाटली असावी.

आठ महिने मी तो कागद वाचला आणि सूड ठरवत राहिलो. पाहुणे डॉक्टर आले की ऐन वेळी पडदा काळा करायचा. साहेबांच्या पायाला वायरचा विळखा घालायचा. जेलीच्या बाटलीला फितवून त्यांच्या इस्त्रीच्या शर्टावर फुटायला लावायचं. स्टेथोस्कोप म्हणायचा, "सोड रे, वय झालं आपलं." मी म्हणायचो, तुझं झालं असेल.

एका सकाळी ड्रॉवर धाडकन उघडला. समोर ताई होती आणि तिला धाप लागली होती. तिच्या मागून शेंगेची आई आली.

"अहो ताई, मी नुसता जुना रिपोर्ट मागितला तर तुम्ही जिना चढत सुटलात! झालं काय?"

"मानेत नळी घालणार म्हणालात ना?"

"हो. ह्या वेळचं ऑपरेशन मोठं आहे म्हणे. आत नेलीसुद्धा तिला."

"भूल कोण देणार आहे?"

"तेच ते, मोठे साहेब. सगळे म्हणतात, हात फार चांगला आहे त्यांचा."

ताईने मला यंत्राला जोडलं आणि गाडी ढकलत निघाली. यंत्राला हात लावायचीही तिला परवानगी नव्हती. वाटेत तिचा हात माझ्यावर होता आणि तो घामाने ओला झाला होता.

ऑपरेशनच्या खोलीत शेंग झोपली होती. तिचं डोकं डावीकडे पुरतं वळवलेलं, कान गादीला टेकलेला, उजवी मान औषधाने रंगवलेली. साहेबांचं एक बोट तिच्या धमनीच्या ठोक्यावर होतं आणि दुसऱ्या हातात सुई होती.

"साहेब, थांबा!" ताई दारातूनच म्हणाली. "ही एक्केचाळीस नंबरची मुलगी आहे."

"कोण एक्केचाळीस?"

"अभ्यासातली. जिचा फोटो तुम्ही वगळलात ती. हिची व्हेन आर्टरीच्या बरोबर वर येते."

"तो बिघडलेला प्रोब माझ्या ऑपरेशन थिएटरमध्ये आणायचा नाही. बाहेर व्हा आधी."

ऑपरेशन करणाऱ्या सर्जन मॅडम हात धुऊन, कोपरं वर धरून आत येत होत्या. त्या कमी बोलणाऱ्या बाई. त्या म्हणाल्या, "किती वेळ लागेल?"

"एक मिनिट," ताई म्हणाली.

"मग बघा."

ताईने घाईने हात धुऊन हातमोजे चढवले, मला निर्जंतुक पिशवी घातली आणि शेंगेच्या मानेवर टेकवलं. करंगळी गळ्याखालच्या हाडावर.

आता माझी कबुली ऐका. आठ महिने मी ज्या क्षणाची वाट बघत होतो तो हाच होता. माझी वायर वाकडी होती, कमजोर जागा अगदी ताणलेली. मी जरासा सैल सुटलो असतो तर पडदा काळा झाला असता. साहेब म्हणाले असते, "बघा!" आणि त्यांनी आपल्या पद्धतीने सुई घातली असती. ती धमनीत गेली असती, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, त्यांच्या लाडक्या बोटाखालून. त्यांची एकवीस वर्षं एका क्षणात मातीत गेली असती. मला ते हवं होतं. खोटं कशाला बोलू, फार हवं होतं. पण माझ्या तोंडाखाली ती लांब, बारीक मान होती आणि तिच्यातला ठोका मला एकेक करून लागत होता. साहेबांची फजिती त्या मानेतूनच जाणार होती, दुसरी वाटच नव्हती. मग मी वायरीतली ती जागा जिवाच्या आकांताने धरून ठेवली आणि होते नव्हते ते एकशे चोवीस कण कामाला लावले.

पडद्यावर चित्र आलं. खाली ठोके देणारी धमनी आणि तिच्या डोक्यावर बसलेली शीर. मधोमध माझी काळी पट्टी.

"ह्या पट्टीवर विश्वास ठेवायचा?" साहेब म्हणाले. "हा प्रोब तेव्हापासून असाच आहे."

मॅडमनी पडद्याकडे बघत विचारलं, "हिचा जुना फोटो काढला तेव्हा ही पट्टी होती का?"

एवढा साधा प्रश्न आठ महिन्यांत कुणालाही सुचला नव्हता. ताईलासुद्धा नाही. त्या दिवशी तिला यंत्रापासून दूर केलं ते कायमचंच. आता तिने मोकळ्या हाताने जुने फोटो उघडले. एक्केचाळीस नंबर. वेळ दहा वाजून वीस मिनिटं. फोटो काढणारी, ताई. चित्र लख्ख. पट्टी नाही. मग बेचाळीस नंबर. वेळ दहा वाजून एकोणतीस मिनिटं. काढणाऱ्याच्या जागी साहेबांचं नाव. मधोमध काळी पट्टी.

भुलीचं यंत्र तेवढं आपला श्वास मोजत होतं. माझ्या आयुष्यातली ती सर्वात गोड शांतता. मी साहेबांच्या डोळ्यांकडे पाहिलं. मास्कच्या वर तेवढेच दिसत होते आणि ते नऊ मिनिटांच्या अंतराच्या त्या दोन आकड्यांवर खिळले होते. बघा, म्हटलं मी मनात, नीट बघा.

"डोकं सरळ करा," मॅडम म्हणाल्या.

डोकं सरळ केलं तशी शीर धमनीवरून उतरून शेजारी गेली. ताईने मला स्थिर धरलं. साहेबांनी सुई घातली आणि मला, ज्याचे चार कण त्यांनी मारले त्या मला, त्यांच्या सुईचं टोक कुठे आहे ते दाखवावं लागलं. पहिल्या प्रयत्नात सुई शिरेत गेली.

दुपारी ऑपरेशन नीट पार पडल्याचं कळलं. माझी गाडी दाराजवळ उभी होती तेव्हा शेंगेच्या आईने साहेबांचे दोन्ही हात धरले. "देवासारखे धावून आलात साहेब! तुमच्या हाताला यश आहे," असं ती आपल्या त्या मोठ्या आवाजात म्हणाली. आणि साहेब काय म्हणाले? "काही नाही हो, आमचं रोजचंच काम आहे." ताई तिथेच वायर गुंडाळत होती. त्या क्षणी माझे आणखी चार कण रागाने फुटले असते तरी नवल नव्हतं. धरून ठेवलेली ती वायर सोडून दिली नाही, याचा मला त्या दुपारी पश्चात्तापही झाला. शेंग वाचली याचा नाही, साहेबांची फजिती हुकली याचा. मी काही संत नाही, मित्रांनो.

चार दिवस असेच गेले. मॅडमनी साठच्या साठ मुलांचे फोटो मागवून घेतले, एवढं कानावर आलं. ताई अजून तळमजल्यावरच होती. कागद अजून भिंतीवर होता.

पाचव्या दिवशी, जेवणाच्या सुट्टीत खोली रिकामी असताना, साहेब एकटेच आत आले. त्यांनी दार लोटलं, शर्टाची वरची दोन बटणं काढली, बाटलीतली जेली बोटावर घेतली आणि मला स्वतःच्या मानेवर लावलं.

माझा वैरी माझ्या तोंडाशी होता. त्याची धमनी माझ्याखाली धडधडत होती.

आधी त्यांनी सवयीने मला दाबलं आणि शीर नाहीशी झाली. मग हात सैल केला. आणखी सैल केला. शीर उघडली. त्यांनी डोकं डावीकडे वळवलं, पण यंत्र उजवीकडे होतं, त्यामुळे पडदाच दिसेना. ते स्वतःशीच पुटपुटले, गाडी ओढून डाव्या बाजूला घेतली आणि पुन्हा सुरुवात केली. डोकं सरळ. मग थोडं वळवलं. मग आणखी. कागदावर लिहिलं होतं तेवढं.

मी काही लपवलं नाही. त्यांची शीर त्यांच्याच डोळ्यांसमोर हळूहळू सरकत धमनीवर चढली. साहेबांनी डोकं सरळ केलं, ती उतरली. वळवलं, चढली. असं त्यांनी सात वेळा केलं. सातव्या वेळी ते अगदी लहान आवाजात म्हणाले, "एकवीस वर्षं." त्यांच्या मनात कुठली कुठली मुलं येत होती ते मला माहीत नाही. पण माझ्याखालचा त्यांचा ठोका दर वेळी जोरात होत गेला, तो मी शेवटपर्यंत ऐकला आणि मला त्यांची दया आली नाही.

दार उघडलं. ताई जुन्या फाइली ठेवायला आली होती. साहेब तसेच उभे, कॉलरला जेली लागलेली, मी हातात.

"त्या दिवशी," साहेब म्हणाले, "हा माझ्या हातून पडला होता."

"माहीत आहे," ताई म्हणाली. "मी तिथेच उभी होते ना."

साहेबांनी मान खाली घातली. ताईने पुढे होऊन मला त्यांच्या हातातून काढून घेतलं.

मित्रांनो, पुढे ताईच्या नावापुढचा शेरा साहेबांना स्वतःच्या अक्षरात खोडावा लागला. भिंतीवरचा कागदही त्यांनाच फाडावा लागला आणि अभ्यास पहिल्या मुलापासून पुन्हा सुरू झाला. आता साहेब ताईजवळ उभे राहून हात हलका ठेवायला शिकतात. शिकू देत. मी त्यांना माफ केलेलं नाही. ते मला हातात घेतात तेव्हा माझं तोंड अजून गार पडतं.

तुम्हाला एवढंच सांगायचं आहे. यंत्रं जपून वापरा. आमच्या तोंडाला मऊ फडका लावा, वायरीवरून चाक नेऊ नका. आणि तरीही तुमच्या हातून एखादी वस्तू पडलीच, तर ती उचलायच्या आधी मोठ्याने म्हणा, माझ्या हातून पडली. तीन शब्द आहेत. साहेबांना ते म्हणायला आठ महिने लागले, आणि तेवढ्या काळात त्या कागदाबरहुकूम डोकं वळवून किती मुलांच्या मानेत सुया गेल्या, ते कुणीही मोजलेलं नाही.